बुटाचा वास आणि बत्तीस वर्षांचं कर्ज

एका चोवीस वर्षांच्या मुलानं विचारलं आहे: 'लहानपणी हंगामा चॅनेलवर शिन-चान हे जपानी कार्टून हिंदीतून पाहून पोट दुखेपर्यंत हसायचो. परवा त्याच मालिकेचा २००१ सालचा सिनेमा पाहिला आणि हुंदका आला. मित्र म्हणतात, ढुंगण दाखवून नाचणाऱ्या कार्टूनमध्ये पिढीचं दुःख शोधणं म्हणजे ओढूनताणून अर्थ काढणं. ताई, तिथे खरंच काही आहे का? असेल तर ते कसं ओळखायचं? आणि बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गप्प गप्प असतात, त्यांना हा सिनेमा दाखवू का?'

तिथे खरंच काही आहे, आणि भरपूर आहे. मी बावीस वर्षं बडोद्यात स्टोरीबोर्ड, म्हणजे अ‍ॅनिमेशनच्या प्रसंगांची कच्ची चित्रं, काढते आहे आणि शनिवार-रविवारी मुलांना अ‍ॅनिमेशनचा प्रसंग फ्रेमफ्रेमनं वाचायला शिकवते. हा सिनेमा मी दर वर्गाला दाखवते. त्याच्या जपानी नावाचा अर्थ साधारण 'मोठ्या माणसांच्या साम्राज्याचा प्रतिहल्ला' असा आहे. केइची हारा यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शितही केला. एप्रिल २००१ मध्ये, म्हणजे एकविसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षी, तो प्रदर्शित झाला. हारा यांचा जन्म १९५९ चा. हे साल लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आधी शब्द नीट धरू. तुझे मित्र ज्याला पिढीचं दुःख म्हणतात, त्याला मी पिढीचा भ्रमनिरास म्हणते. पुष्कळ मुलं 'भ्रमनिराश' असं लिहितात आणि तिथेच घोटाळा होतो. शब्द भ्रमनिरास आहे. निरास म्हणजे दूर होणं, नाहीसं होणं. निराश माणसाला आधी काही मिळालेलं असावंच लागतं असं नाही. पण भ्रमाचा निरास व्हायचा तर आधी भ्रम हवा, आणि तो डोळे दिपवील असा, खराखुरा हवा. म्हणून एखाद्या कार्टूनमध्ये पिढीचा भ्रमनिरास आहे का हे बघताना मी सगळ्यात आधी विचारते की यात भ्रम दाखवलाय का, आणि तो प्रेमानं रंगवलाय का? 'जगात कशालाच अर्थ नाही' असं पात्राच्या तोंडी घालणारी अमेरिकन प्रौढांची कार्टूनं पुष्कळ आहेत. त्यातली काही मला मनापासून आवडतात. पण त्या वाक्यात बऱ्याचदा नुसती ऐट असते, कारण त्या पात्राचा कशावर विश्वास होता हे आपल्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

हारा यांनी ते दाखवलं आहे. सिनेमा सुरू होतो १९७० च्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात. १५ मार्च ते १३ सप्टेंबर असं सहा महिने ते चाललं. चित्रकार-शिल्पकार तारो ओकामोतो यांचा सत्तर मीटर उंचीचा सूर्याचा मनोरा त्याच्या मधोमध उभा होता आणि 'मानवजातीची प्रगती आणि सुसंवाद' हे ब्रीद होतं. जपानची लोकसंख्या तेव्हा दहा कोटींच्या थोडी वर होती आणि प्रदर्शनाला भेटी झाल्या सहा कोटी चाळीस लाखांहून जास्त. अमेरिकेच्या मंडपात चंद्रावरून आणलेला दगड ठेवला होता. तो बघायला लोक तासन्‌तास रांगेत उभे राहायचे. युद्धात जळून गेलेला देश पंचवीस वर्षांत चंद्राचा दगड बघायला रांग लावतो, तेव्हा तिथल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला भविष्याबद्दल काय वाटलं असेल याचा विचार कर. हारा तेव्हा त्याच वयाचे होते.

आता गोष्ट. शिन-चानच्या गावाजवळ विसाव्या शतकाचं एक कल्पित उद्यान उभं राहतं. मोठी माणसं तिथे जाऊन आपलं बालपण पुन्हा खेळतात. शिन-चानचे बाबा, म्हणजे जपानीतले हिरोशी आणि आपल्या हिंदीतले हॅरी, तिथे राक्षसाशी लढणारे वीर होतात. आई मित्सी जादूगार मुलगी होते. हळूहळू सगळ्यांना वेड लागतं. एके सकाळी ट्रक येतात, गावातली मोठी माणसं आनंदानं त्यात चढतात आणि पोरं मागे उरतात. उद्यान चालवणाऱ्या केन आणि चाको या जोडप्यानं जुन्या काळाचा वास तयार केलेला असतो. त्या वासानं मोठ्यांना आपण मोठे आहोत याचाच विसर पडतो. बालवाडीची पोरं बस पळवतात, बारमध्ये बसून मोठ्यांची नक्कल करतात, हे सगळं निव्वळ धुडगूस आहे आणि पोट धरून हसावं असंच आहे.

मग शिन-चानला बाबा सापडतात. ते लहान मूल होऊन त्या १९७० च्या प्रदर्शनात, अमेरिकेच्या मंडपासमोर रडत असतात. चंद्राचा दगड बघायचाय आणि आईवडील म्हणतात रांग फार मोठी आहे, घरी चल. शिन-चान त्यांचाच बूट काढतो आणि त्यांच्या नाकाला लावतो.

हॅरीच्या पायांना घाण वास येतो, हा या मालिकेतला जुनापुराणा विनोद. मालिका एप्रिल १९९२ मध्ये सुरू झाली. म्हणजे सिनेमा आला तेव्हा नऊ वर्षं प्रेक्षक त्या मोज्यांना हसत होते. बाबा मोजे काढतात, कुणीतरी बेशुद्ध पडतं, झालं. इथे तोच विनोद, तीच कृती, तेच नाक. पण वास नाकात गेल्यावर संवाद थांबतात आणि काही मिनिटं नुसतं संगीत आणि चित्रं येतात. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला मुलगा, गाव सोडून तोक्योला जाणं, कामावर बोलणी खाणं, उन्हात घाम पुसत फिरणं, लग्न, बाळाचा जन्म, नवं घर, रात्री दमून परत येणं. तो वास कशाचा आहे हे नऊ वर्षं कुणी विचारलं नव्हतं. सिनेमानं विचारलं. तो दिवसभर पायपीट करणाऱ्या माणसाच्या बुटाचा वास आहे. चंद्राचा दगड बघायला निघालेला मुलगा इथे येऊन पोचला.

मित्रांना हे सांग. अर्थ विनोदावर वरून लादलेला नाही, तो विनोदाच्या आतच मुरलेला होता. विक्षिप्त कार्टूनमध्ये पिढीचं दुःख भाषणात शोधायचं नसतं. वारंवार येणारे विनोद वहीत उतरवायचे आणि एकेक विनोद कशावर उभा आहे ते विचारायचं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एवढंच काम असतं.

या मालिकेतला असा दुसरा विनोद घराच्या कर्जाचा. बत्तीस वर्षांचे हप्ते बाकी. शिन-चान १९९० च्या चित्रकथेपासून पाच वर्षांचा आहे, बाबा पस्तीसचे आहेत. या प्रकारच्या मालिकेत कुणाचं वय वाढत नाही, ही धंद्याची सोय आहे. भाग कोणत्याही क्रमानं दाखवता येतात. पण सोयीतूनही अर्थ तयार होतो. वय वाढत नाही म्हणजे हप्तेही कमी होत नाहीत. दर आठवड्याला माणूस हप्ता भरतो आणि पुढच्या आठवड्याला बत्तीस वर्षं तशीच. १९९२ मध्ये हे हसण्यावारी नेता येत होतं. पण जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता, आणि हा सिनेमा आला तेव्हा तो जवळपास एक तृतीयांशावर आला होता. तो आकडा पुन्हा गाठायला २०२४ उजाडलं. जमिनीचे भाव कोसळले, पण कर्ज घेतलेल्याचं कर्ज तेवढंच राहिलं. १९९७ मध्ये यामाइचीसारखी शतकभर जुनी शेअर दलाल कंपनी बुडाली. १९९३ च्या सुमारापासून पुढची दहाएक वर्षं कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांना कायमच्या नोकऱ्या मिळेनात. त्या काळाला जपानीत नोकऱ्यांचं हिमयुग म्हणतात. विनोद होता तसाच राहिला आणि त्याच्या खालची जमीन खचली.

गंमत पुढे आहे, आणि तुझ्या पिढीचा संबंध तिथे येतो. मूळ चित्रकथेचे चित्रकार योशितो उसुई यांनी हॅरीला सामान्य, कुचंबलेला, बायकोकडून हातखर्चाचे मोजके पैसे घेणारा नोकरदार म्हणून रंगवलं होतं. त्याला बघून 'अरेरे' म्हणायचं होतं. आज जपानमधली तरुण मुलं म्हणतात, पस्तिसाव्या वर्षी स्वतःचं घर, गाडी, कायमची नोकरी, दोन मुलं. हा तर यशस्वी माणूस! अमेरिकेत १९८९ पासून चालू असलेल्या 'द सिम्पसन्स' या कार्टूनमधल्या कुटुंबाचंही तेच झालं. एकट्याच्या पगारावर दुमजली घर चालवणारा तो बाप तेव्हा सामान्यातला सामान्य म्हणून रंगवला होता. तूही लहानपणी हॅरीला हसलास. आता चोवीसाव्या वर्षी, माझ्या अंदाजानं हातात पदवी आणि समोर परीक्षांचे फॉर्म किंवा कॅनडाच्या व्हिसाची फाईल असताना, त्याच्याकडे बघतोस आणि हसू येत नाही. तुझा हुंदका तिथला असावा.

विनोदी लेखनात हे नवं नाही, आणि बडोद्याच्या मराठी माणसाला तर मुळीच परकं नाही. चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, पुढे संस्थानाचं दफ्तर सांभाळायचे. त्यांच्या चिमणरावाची फजिती वाचून आपले आजोबा खदखदून हसले. पण त्या फजितीखाली पगार, भाडं, मुलीचं लग्न, साहेबाची मर्जी हे सगळं जसंच्या तसं आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्या काळच्या कारकुनाची महिनाअखेर सापडणार नाही. विनोदात सापडते, कारण विनोद करणाऱ्याला ती नेमकी माहीत असावी लागते.

आता चित्रांकडे ये. तुझ्या मित्रांना पटवायचं असेल तर आवाज बंद करून केनच्या त्या जुन्या वस्तीचे प्रसंग दाखव. तिथे कायम संध्याकाळ असते. दुकानांच्या पाट्या, लाकडी खांब, तारा, भाजीवाल्याच्या टोपल्या, सगळं इतक्या निगुतीनं रंगवलंय की आपल्यालाही तिथे राहावंसं वाटतं. आणि त्यातून चालणारी माणसं? बटाट्यासारखे गाल, हलती रेघ, सपाट रंग. पात्रांना साधं ठेवून पार्श्वभूमीला एवढं काम देणं ही निवड आहे. आमच्या धंद्यात एकेका पार्श्वभूमीला माणसांचे दिवस मोजावे लागतात. हारा यांनी ते दिवस भूतकाळावर खर्च केले, कारण भुरळ खरी वाटायला हवी होती. चित्रकार भूपेन खख्खर १९६२ मध्ये बडोद्याला आले, हिशेबनीस म्हणून काम करता करता न्हावी, शिंपी, घड्याळदुरुस्तीवाला अशी माणसं रंगवत राहिले. 'जनता वॉच रिपेअरिंग' हे त्यांचं १९७२ चं चित्र बघ. आधी पाटीसारखे भडक, सपाट रंग दिसतात, हसू येतं. मग तो माणूस किती एकटा बसलाय ते दिसतं.

भुरळ खरी आहे याचा पुरावा सिनेमातच आहे. शुद्धीवर आल्यावरही हॅरी त्या वस्तीतून पळताना रडतो, इथलं सगळं इतकं ओळखीचं आहे की वेड लागेल असं म्हणतो, आणि भान टिकवायला स्वतःचाच बूट हुंगत राहतो. आता हसायचं की रडायचं? दोन्ही एकाच चित्रात आहे. मला विचारशील तर सगळ्या सिनेमाचा गाभा हा आहे. त्याला कळलंय की ते भविष्य आलं नाही, त्याची ओढही गेलेली नाही, आणि तरी तो घरी निघालाय.

सिनेमात मला खटकणाऱ्याही दोन गोष्टी आहेत, त्या लपवत नाही. केन हॅरीच्या आयुष्याला क्षुल्लक म्हणतो तेव्हा हॅरी कुटुंबाच्या सुखाबद्दल ठणकावून बोलतो. बुटानं जे आधीच सांगून झालं होतं ते तोंडानं पुन्हा सांगायची गरज नव्हती. दुसरी गोष्ट जास्त लागते. मित्सीलाही बूट हुंगवतात, तीही शुद्धीवर येते, पण तिला आठवणींची रांग मिळत नाही. तिनं काय सोडलं, कोणत्या गावाहून आली, तिला काय व्हायचं होतं, हे त्या काही मिनिटांच्या संगीतात कुठेच नाही. नवऱ्याच्या बुटाच्या वासानं बायकोला तिचं आयुष्य आठवतं. त्या काळच्या कितीतरी घरांचं हे खरं चित्र असेल, पण सिनेमाला ते जाणवलेलं दिसत नाही. वर्गातल्या मुलींना मी दरवेळी मित्सीच्या आठवणींचा स्टोरीबोर्ड काढायला देते, आणि त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत.

एक सावधगिरी. जपानची गोष्ट आपल्यावर जशीच्या तशी बसवू नकोस. आपल्याकडे जमीन-शेअरच्या भावांचा तसा फुगा फुटला नव्हता, पडझड वेगळ्या कारणांची होती. पण जोडणारा एक धागा मात्र मला दिसतो, तो माझ्या घरातला. १९६० च्या दशकात बडोद्याबाहेर कोयलीची रिफायनरी आली, मागोमाग खतांचे, रसायनांचे कारखाने आले. ज्यांच्या आजोबांनी गायकवाड सरकारची चाकरी केली, त्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी घरांना वाटलं की संस्थान गेलं पण आता हे आलं. माझे वडील १९७१ मध्ये अशाच एका कारखान्यात लागले. पहाटे कंपनीची बस, निळा गणवेश, दिवाळीला बोनस. आमच्या वाड्यात ते भविष्यातून आल्यासारखे परत यायचे. गणवेशाला एक गोडसर, उग्र वास यायचा. आई तो वेगळ्या बादलीत भिजवायची आणि आम्ही भावंडं नाक धरून पळायचो. तीस वर्षांनी कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. सही करण्याखेरीज मार्ग ठेवला नव्हता. वडील चोपन्न वर्षांचे होते. त्यानंतर ते बराच काळ सकाळी ठरल्या वेळी उठून, दाढी करून, खुर्चीत बसून राहायचे.

म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मी नुसता सिद्धांत सांगणार नाही. मी माझ्या वडिलांना हा सिनेमा दाखवला होता. तूही दाखव, पण आधी काही समजावून सांगू नकोस. जपान, मंदी, पिढी, एक शब्द नको. 'लहानपणी मी बघायचो ते कार्टून आहे' एवढंच म्हण. पडद्याखालची सबटायटल्स वाचायला त्रास होत असेल तर शेजारी बसून वाचून दाखव, म्हणजे तुझं तोंड पडद्याकडे राहील आणि त्यांना तुझ्याकडे बघावं लागणार नाही. पहिला अर्धा तास त्यांना पोरकट वाटेल, उठून जावंसं वाटेल. चहा तेव्हाच कर. बुटाचा प्रसंग आला की वाचायचं काही नसतंच, गप्प बस. संपल्यावर 'कसा वाटला' असं विचारू नकोस.

माझे वडील त्या प्रसंगाला रडले नाहीत. सिनेमा संपला, मी दिवा लावला. बऱ्याच वेळानं म्हणाले, 'आमच्या बसमध्ये सगळ्यांच्याच बुटांना यायचा.' मग बस कुठून निघायची ते सांगायला लागले. दांडिया बाजार, काळा घोडा, फतेगंज, छाणी जकात नाका. प्रत्येक थांब्यावर कोण चढायचं, कुणाच्या डब्यात काय असायचं, कोण खिडकीसाठी भांडायचं. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'आणि ती बादली? ती कोण धुवायचं, ते सांगा ना तिला.' त्या रात्री आम्ही साडेबारापर्यंत जागे होतो.